हलीमाखाला आणि वरचा भाडेकरू

हलीमाखालाला लातूरचं माणूस चालत नसे. बाकी कुणीही चाले. मी परळीत खोली शोधत फिरत होतो तेव्हा माझ्याबद्दल सांगण्यासारख्या चारच गोष्टी होत्या. गाव धारूर, धर्म हिंदू, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो, आणि लग्न झालेलं नाही. चांगल्या चांगल्या आळ्यांतल्या घरमालकांनी पहिल्या तिन्हींवर मान डोलावून चौथीवर दार लावून घेतलं होतं. शेवटी कॉलेजच्या शिपायानं खालाचा पत्ता दिला. "मोहल्ल्यात राहायची तयारी आहे का सर?" त्यानं विचारलं. माझी तोवर कुठंही राहायची तयारी झाली होती.

खाला अंगणातल्या बाजेवर लसूण सोलत बसली होती. ठेंगणी, भरल्या अंगाची, डोक्यावर पांढरी ओढणी. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधून तो कानात अडकवलेला.

"गाव कोणतं?"

"धारूर."

"लातूरकडं पाव्हणेरावळे?"

"नाहीत."

"घोरतो का?"

"मला कसं कळणार?"

तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "खरं बोलतोस बाबा," म्हणाली, आणि लसणाच्या हातानंच किल्ली पुढं केली. नाव विचारायचं तिला आठवड्यानं सुचलं, तेही कुरिअरवाला दारात येऊन उभा राहिला म्हणून.

लातूरची गोष्ट मला नंतर कळली. तिकडच्या एका भाडेकरूनं जाताना तिच्या गॅसचा रेग्युलेटर नेला होता. तेव्हापासून अख्खा जिल्हा तिच्या मनातून उतरला. मी एकदा म्हणालो, "खाला, एका माणसावरून सगळ्यांना कशाला धरायचं?"

"हौ, चुकीचं हाय, मला बी कळतं," ती म्हणाली. "पण रेग्युलेटर बी माझाच होता ना."

तिचा नवरा थर्मलमध्ये, म्हणजे परळीच्या वीजकेंद्रात, क्रेनवर होता. नांदूरघाटहून लग्न होऊन आली ती थेट कॉलनीच्या क्वार्टरमध्ये. वर बंगाली, खाली केरळचे, समोर कुणी ओडिशाचे. नवरा रिटायर झाल्यावर त्यांनी मोहल्ल्यात हे दुमजली घर बांधलं, आणि घराला रंग देऊन होतो न होतो तोच तो गेला. एकुलती मुलगी हैदराबादला दिलेली. मग खालानं खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडेकरूंची नावं तिच्या लक्षात राहत नसत, किंवा ती ठेवत नसे. ज्याची जी खोली तेच त्याचं नाव. मी 'जिन्याखालचा' झालो. मोहल्ल्यातली पोरंसुद्धा मला "ओ जिन्याखालचे सर" म्हणून हाक मारायची.

थर्मलची राख परळीत कुणालाच सुटलेली नाही. खालानं तिचा उपयोग करून घेतला होता. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर सकाळपर्यंत राखेचा थर बसे, त्यावर ती बोटानं निरोप लिही. नांदूरघाटच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर सुरेख. 'मोटर बंद कर.' 'कांद्याची सालं मोरीत नको.' एकदा नुसतंच 'घोरतोस.' भाडेकरूनं निरोप वाचून हातानं पुसला की पावती पोचली.

माझी आई पहिल्यांदा खोली बघायला आली तेव्हा धारूरहून पाण्याचा कॅन घेऊन आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खालानं कॅनकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाई, जेवणार का? न्हाई ना? लई चांगलं. मी बी तुमच्याकडं आले तर मटण खाणार न्हाई. हलाल हाय का न्हाई ते इचारीन, तुमाला राग येईल. त्यापरीस चिंचा फोडू."

घरामागं चिंचेचं झाड होतं. दोघी बाजेवर बसल्या आणि दुपारभर चिंचा फोडत गुडघ्यांबद्दल बोलल्या. पुढं आई दरवर्षी चिंचेच्या दिवसांत यायची. एकमेकींच्या घरचा घास न घेता त्या दोघींची मैत्री टिकली, आणि माझ्या माहितीतल्या पुष्कळ पंगतीतल्या मैत्र्यांपेक्षा बरी टिकली.

हे तुला कसं जमतं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. मला वाटलं, धर्माबिर्माचं काही बोलेल. कारण ती पक्की नमाजी. दुपारी मोहल्ल्यातल्या मुलींना चटयांवर बसवून कुराण वाचायला शिकवायची आणि उच्चार चुकला की सुपारी कातरता कातरता अडकित्ता जमिनीवर आपटायची. पण ती म्हणाली, "कॉलनीत वरची बंगालीण रोज मासळी तळायची. मला उलटी यायची. वर्षभर मी तिच्याशी बोलले न्हाई. मग माझी पोरगी झाली तवा तीच धावत आली, रातभर बसली. हाताला तोच वास. मला अजून बी तो वास आवडत न्हाई, सांगते तुला. पण वास येतो म्हणून माणूस खराब, असं मग म्हणता येईना."

मी आल्याच्या पुढच्या वर्षी सलीम सर आले. फिजिक्स शिकवायचे, माझ्याच कॉलेजात. उंच, सडपातळ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे, आणि एका वाक्यात बोलता येईल तिथं दुसरं वाक्य न वापरणारे. खालानं गाव विचारलं, ते म्हणाले औसा. खालाच्या डोक्यात औसा कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यात होतं. त्यांना गच्चीवरची खोली मिळाली आणि ते 'वरचा' झाले. महिनाभरानं त्यांची आई भेटायला आली आणि "लातूरला गाडी बदलली" असं सहज बोलून गेली. खाला दोन दिवस सलीम सरांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कठड्यावर निरोप होता, 'गॅस माझा आहे.' तिथं लातूरचा विषय मिटला.

खरा विषय वेगळाच होता. सलीम सर नमाज पढत नसत. शुक्रवारी नाही, ईदलाही नाही. कुणी विचारलं तर भांडत नसत, समजावतही नसत. "माझा विश्वास नाही" एवढंच सांगत. खालाला हे कळलं तेव्हा ती खरोखर कष्टी झाली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "जिन्याखालच्या, ऐकलंस का? वरचा वरच्याला मानत न्हाई." आणि स्वतःच्याच वाक्यावर हसू आलं तसं तोंडावर ओढणी धरली.

त्यानंतर ती रोज त्यांच्यासाठी दुआ मागायची, अगदी त्यांना ऐकू जाईल अशी. सलीम सर गच्चीवरून म्हणायचे, "खाला, पगारवाढीचं पण मागा." असं दोन वर्षं चाललं. मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. पानपट्टीवर कुणी टिंगल करी, कुणी हळहळे. त्यापलीकडं कुणाला काही वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षी हवा बदलली. कुठं दूरच्या शहरात काही झालं, त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आले. परळीत खरं तर काहीच झालं नाही. भाजीबाजार चालू, शाळा चालू. पण मोहल्ल्यातले लोक संध्याकाळी लवकर घरी यायला लागले, बोलताना आवाज खाली घ्यायला लागले. आणि मग एकमेकांकडं जास्त बघायला लागले. कोण मशिदीत येतं, कोण येत नाही, कुणाची पोरगी कुठल्या क्लासला जाते. गंमत म्हणजे त्या दिवसांत मला कुणी वावगा शब्द बोललं नाही, उलट "सर, काही लागलं तर सांगा" असं दोघातिघांनी थांबवून सांगितलं. मी मुळातच बाहेरचा. माझ्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. सगळी नजर आपल्यातल्या वेगळ्यावर.

त्यात रमजान आला. सलीम सरांना डबा देणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि हा माणूस बिस्किटांवर राहतोय हे खालाला कळलं. झालं. रोजे धरलेली खाला दुपारी आम्हा दोघांसाठी खिचडी टाकू लागली. "मी उपाशी हाय ते अल्लासाठी. तुमी कावून मरता?" रोजामुळं तिला चव घेता येत नसे. त्या महिन्यात खिचडीत मीठ कधी दोनदा पडलं, कधी मुळीच नाही. आम्ही मुकाट्यानं खाल्ली.

शेजारच्या झुबेदाबी खालाच्या जिवाभावाच्या. कॉलनीपासूनचा शेजार, मोहल्ल्यात प्लॉटही दोघींनी लागून घेतलेले. त्यांच्या कुरडया आमच्या गच्चीवर वाळत असायच्या, राख बसू नये म्हणून जुन्या ओढणीखाली. एका दुपारी त्या कुरडया उलटायला वर आल्या आणि त्यांनी सलीम सरांना जेवताना पाहिलं. तो रोजा धरत नाही हे त्यांना माहीतच होतं. पण समोरचं पातेलं त्यांनी ओळखलं. ते हलीमाचं होतं.

त्या खाली आल्या. मी जिन्याखाली पेपर तपासत होतो, त्यामुळं सगळं ऐकलं.

"हलीमा, तू रमजानमधी त्याला खाऊ घालतेस?"

"भुका होता."

"भुका न्हाई, मस्तीत हाय. आणि तू साथ देतेस. तुझ्याकडं आमच्या पोरी कुराण शिकतात."

"पोरींना मी खिचडी शिकवत न्हाई, झुबेदा."

झुबेदाबींनी पुन्हा वर जाऊन कुरडया अर्धवट ओल्या तशाच गोळा केल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजनंतर मशीद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हनीफभाई चौघांना घेऊन आले. हार्डवेअरचं दुकान असलेला, वागायला मऊ माणूस. बाजेवर टेकले, खालाच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग म्हणाले, "आपा, त्या पोराला खोली सोडायला सांगा. लोक बोलतात."

खालाला तत्क्षणी युक्ती सुचली. आजाऱ्याला रोजा माफ असतो. "बीमार हाय तो," ती म्हणाली. "पित्त हाय त्याला. लई मोठं."

हनीफभाईंच्या तोंडावर सुटकेचं हसू आलं. "मग झालंच की! तसं सांगतो मी सगळ्यांना."

तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावरून सलीम सरांचा आवाज आला. "नाही हनीफभाई. मी ठणठणीत आहे."

खालानं कपाळावर हात मारला. "या अल्ला, खोटं बी बोलू देत न्हाई हा!" चौघांतला एक जण फिसकन हसला आणि हनीफभाईंनी बघितल्यावर खोकला.

पण हसण्यानं काही सुटलं नाही. हनीफभाई आवाज खाली घेऊन म्हणाले, "आपा, दिवस कसे हायत बघता ना? बाहेरून एवढं येतंय. त्यात आपल्यातलाच एक म्हणणार, मी मानत न्हाई. पोरांनी काय शिकायचं? आपण एकजूट दिसायला नको?"

"भीती वाटती का हनीफ?" खालानं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

"वाटती," ते म्हणाले.

"मला बी वाटती. पण भीती बाहेरच्यांची, आणि हाकलायचं घरातल्याला?"

"विचार करा," म्हणून हनीफभाई उठले. निघताना जुन्या सवयीनं खालाच्या हातून पाठीवर थाप घ्यायला वाकले, आणि तिनंही ती दिली.

दुसऱ्या दुपारी चटया अंथरल्या गेल्या आणि एकही मुलगी आली नाही. तिसऱ्या दुपारी नाही, चौथ्या दुपारी नाही. खाला रोज चटया अंथरायची, अडकित्ता घेऊन बसायची आणि अस्ताला गुंडाळून ठेवायची. भाडेकरूंशी हुज्जत घालणं तिनं बंद केलं. कठड्यावर नुसती राख राहू लागली. मी मोटर मुद्दाम चालू ठेवून पाहिली, तरी काही नाही.

सलीम सरांना ते बघवेना. एका सकाळी बॅग भरून खाली आले. "खाला, मी जातो. माझ्यामुळं तुमच्या मुली तुटल्या."

खाला पीठ मळत होती. हात परातीतच ठेवून ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी तुझ्यावर राजी न्हाई, ऐकून घे. तू नमाज पढत न्हाईस, माझ्या जिवाला लागतं ते. झुबेदा म्हणती ते सगळंच खोटं हाय असं बी न्हाई. पण मरून तू कुठं जाशील ते अल्ला बघील. आज तू कुठं राहशील ते मी बघते. त्याचं काम मी करत न्हाई, माझं काम त्याच्यावर टाकत न्हाई. बॅग वर ने."

सलीम सरांनी बॅग वर नेली.

ईद झाल्यावर हनीफभाई पुन्हा आले, या वेळी एकटे आणि शीरखुर्म्याचा डबा घेऊन. त्यांनी तोड काढली होती. त्यांची नात बारावीला होती, मोहल्ल्यातल्या आणखीही मुली होत्या. फिजिक्सचा मास्तर दारात असताना पोरी लांब क्लासला का जाव्यात? त्यानं मोहल्ल्यातल्या पोरींना शिकवावं, राहावं, कमिटी बोलणार नाही.

मला वाटलं, सुटलं सगळं. खाला मात्र लालबुंद झाली.

"म्हणजे कामाचा हाय म्हणून राहू देता?"

"आपा, राहतोय ना शेवटी?"

"आणि बिनकामाचा असता तर? मी काय कामाची हाय हनीफ? गुडघे गेले, डोळे चालले. मला बी काढा उद्या." तिनं डबा परत त्यांच्याकडं सरकवला. "तो राहतो कारण त्यानं खोली घेतली हाय आणि माणसावाणी राहतो. शिकवायचं का न्हाई ते त्याला इचारा. दोन्ही गोष्टी एका गाठीत बांधू नका."

हनीफभाई हिरमुसले. डबा हातात धरून जिना चढले, वर सलीम सरांशी काय बोलले देव जाणे. खाली आले तेव्हा डबा नव्हता. नंतर सलीम सर मला म्हणाले, "मी सांगितलं, मुली आल्या तर शिकवीन. अट घातली तर नाही." त्यांच्या मानानं हे लांबलचक भाषण झालं.

मुली परत आल्या त्या अशाच. आयांनी पाठवलं नाही, नुसतं अडवणं सोडलं. आधी एक आली, चपला दाराबाहेर न काढता अंगणात आत लपवून. मग तिची बहीण. महिनाभरात चटया भरल्या आणि अडकित्ता पुन्हा आपटू लागला. संध्याकाळी त्यातल्याच मोठ्या मुली जिना चढून प्रकाशाचं अपवर्तन शिकायला जात. कोण कशासाठी येतं याची चौकशी मोहल्ल्यानं हळूहळू सोडून दिली. हनीफभाई मला एकदा दुकानात म्हणाले, "सर, माणूस तसा सरळ हाय तो. पढला असता तर बरं झालं असतं." खालाचंही मत हेच होतं. फरक एवढाच, की तिचं ते आधीपासून होतं.

सलीम सर पुढं नांदेडला गेले. जाईपर्यंत त्यांनी नमाज पढली नाही आणि खालानं दुआ थांबवली नाही.

झुबेदाबी मात्र परतल्या नाहीत. मुली आल्या, हनीफभाई आले, पण भिंतीला भिंत लागून असलेलं ते दार उघडलं नाही. त्यांच्या कुरडया त्यांच्याच लहानशा अंगणात वाळू लागल्या. दोघी एकाच वेळी दारात आल्या तर दोघी दोन दिशांना बघत. मी एकदा मध्ये पडायचा प्रयत्न केला. खाला म्हणाली, "तिचं मन तिचं हाय. मी वरच्याला ठेवला, मग हिला कसं म्हणू, माझ्यावाणीच इचार कर?" पण कुरडयांच्या दिवसांत ती गच्चीवर जाऊन रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिलेली मी पाहिली आहे.

मधल्या काळात माझं लग्न झालं, मी दुसरीकडं राहायला गेलो. गेल्या वर्षी फोन आला. खालाच्या डोळ्यांना अगदीच दिसेनासं झालं होतं आणि मुलगी तिला कायमची हैदराबादला नेत होती. मी स्टेशनवर गेलो. सकाळची वेळ. खाला फलाटावरच्या बाकावर बसली होती, मुलगी आणि जावई सामान बघत होते. हनीफभाई आले होते, चटईवरच्या पुष्कळशा मुली आल्या होत्या, काही तर आता कॉलेजात जाणाऱ्या. खाला प्रत्येकीचा चेहरा हातानं चाचपत होती आणि उच्चारांची चौकशी करत होती.

गाडी लागली. आम्ही तिला खिडकीशी बसवलं. एवढ्यात स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावरून झुबेदाबी उतरताना दिसल्या. धापा टाकत, बुरख्याचा घोळ हातात धरून. त्या थेट खिडकीशी आल्या. मुली बाजूला झाल्या.

"हलीमा."

खालानं आवाज ओळखला. मान त्या दिशेला केली.

"त्या पोराला खाऊ घातलंस ते चुकलंच तुझं," झुबेदाबी म्हणाल्या. "मी आज बी तेच म्हणते."

"म्हण की," खाला म्हणाली. "मी तर आज बी घालीन."

"जिद्दी हाइस."

"तू कमी हाइस का?"

मग झुबेदाबींनी गजांमधून हात आत घातला. आणि एकदम सुरू झाल्या. हैदराबादचं पाणी जड असतं, उकळून पी. डोळ्यात औषध टाकल्यावर लगेच उठू नकोस. जावयासमोर मीठ कमी म्हणून कटकट करू नकोस. लेकीच्या घरी आहेस, स्वतःच्या नाही. गाडी हलली तरी त्यांचं संपेना. खालाचा हात धरून त्या गाडीबरोबर चालू लागल्या, बोलतच होत्या. मी मागून ओरडलो, "झुबेदाबी, हात सोडा, पडाल!"

त्यांनी सोडला तेव्हा फलाट संपत आला होता. खालाचा हात तसाच खिडकीबाहेर राहिला, आणि तो 'बस, बस, कळलं' असा हलत होता.